मुठीतली वीज

सह्याद्रीच्या माथ्यावर अडवलेले पाणी १९१५ साली खोपोलीच्या यंत्रगृहात कोसळू लागले आणि त्यातून निर्माण झालेली वीज उंच मनोऱ्यांवरच्या तारांनी मुंबईच्या कापडगिरण्यांच्या दारापर्यंत जाऊन पोहोचली, ही घटना महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात यथार्थ गौरवाने नोंदली गेली आहे. त्यानंतर मुळशीचे धरण आले आणि त्याबरोबर सेनापती बापटांचा सत्याग्रह आला. स्वातंत्र्यानंतर कोयनेचा प्रचंड प्रकल्प उभा राहिला. १९६० साली राज्याचे विद्युत मंडळ स्थापन झाले. आणि विजेचा इतिहास म्हणजे धरणे, जनित्रे, मनोरे व तारा यांचा इतिहास, अशी समजूत आपल्या मनात हळूहळू रूढ झाली. परंतु ज्या खेड्यांच्या शिवारांवरून त्या पहिल्या तारा गेल्या, त्या खेड्यांत पुढेही कित्येक वर्षे रॉकेलच्या चिमण्या आणि कंदीलच जळत होते. आणि तेथील असंख्य घरांत वीज प्रथम आली ती आठवड्याच्या बाजारातून, पिशवीत घालून, रोख पैसे मोजून आणलेल्या जस्ताच्या एका लहानशा नळकांड्यातून आली. या आगमनाचा समारंभ कोणी केला नाही, आणि त्यासाठी कोणा मंत्र्याने कळ दाबली नाही.

हे नळकांडे म्हणजे शुष्क विद्युत्घट. बाजारातल्या बोलीत सेल, आणि हे सेल ज्या विजेरीत घालावयाचे तिला गावोगाव नाव बॅटरी. दोन सेलची बॅटरी, तीन सेलची बॅटरी, असा तिचा दर्जा सांगितला जाई, आणि तीन सेलची बॅटरी ज्याच्या हाती असे त्याचा रुबाब वेगळा असे. या सामान्य वस्तूने आपल्या ग्रामीण जीवनात जे कार्य केले त्याचा हिशेब आपण अद्याप नीट मांडलेला नाही. तो मांडू गेले असता एक विलक्षण सत्य हाती लागते: माणसाने आजवर विकत घेतलेल्या विजेत ही वीज अत्यंत महाग आहे, आणि तरीही ती पिढ्यान्‌पिढ्या घेतली ती मुख्यतः गरिबाने. हा व्यवहार त्याने अज्ञानाने केला असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय होईल.

या घटाची वंशावळ सव्वादोनशे वर्षांची आहे. इटलीतील कोमो येथून अलेस्सांद्रो व्होल्टा याने २० मार्च १८०० रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांस जे पत्र लिहिले, त्यात दोन भिन्न धातूंच्या चकत्या आणि त्यांच्या मधोमध खारट पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी चळत रचली असता अखंड विद्युत्प्रवाह मिळतो, हा शोध त्याने जगापुढे ठेवला. परंतु पुठ्ठा वाळला की प्रवाह थांबे. पुढच्या सहा-सात दशकांतील घट द्रवाचे होते. काचेच्या बरण्यांतून ते जपून ठेवावे लागत, आणि हलवले की सांडत. १८६६ साली जॉर्ज लक्लांशे या फ्रेंच अभियंत्याने असाच एक बरणीचा घट सिद्ध केला: नवसागराचे द्रावण, त्यात जस्ताची कांडी, आणि सच्छिद्र भांड्यात मँगनीज डायऑक्साइड व कोळशाची पूड यांच्या मिश्रणात रोवलेला कार्बनचा दांडा. तारायंत्रांच्या कचेऱ्यांत आणि पुढे दारावरच्या घंटांसाठी हा घट लोकप्रिय झाला. आज आपल्या हाती येणारा साधा सेल रसायनदृष्ट्या याच घटाचा थेट वंशज आहे.

तो बरणीतून बाहेर काढला कार्ल गास्नर या जर्मन शास्त्रज्ञाने. १८८६ साली त्याने दोन गोष्टी केल्या, आणि दोन्ही इतक्या सरळ होत्या की त्या आधी कोणास का सुचल्या नाहीत याचे नवल वाटावे. जस्ताची कांडी बरणीत ठेवण्याऐवजी त्याने जस्ताचीच बरणी केली, म्हणजे भांडे आणि ऋण ध्रुव एकच झाले. आणि नवसागराचे द्रावण त्याने प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये कालवून घट्ट करून टाकले, म्हणजे सांडण्याची भीती गेली. १८९६ साली अमेरिकेतील नॅशनल कार्बन कंपनीने प्लास्टरच्या जागी पुठ्ठ्याचे अस्तर वापरून ‘कोलंबिया’ नावाचा घट मोठ्या प्रमाणावर बाजारात आणला; आणि डेव्हिड मायसेल याने शोधलेल्या, नळीत एकापुढे एक सेल ठेवून टोकाला दिवा बसवलेल्या हातदिव्यास १८९९ सालच्या जानेवारीत अमेरिकेत एकस्व मिळाले. विजेरी जन्मास आली ती अशी. तिचा घाट आजतागायत फारसा बदललेला नाही.

सेलच्या आत काय घडते, हे समजून घेण्यास रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. जस्त हा धातू आपले इलेक्ट्रॉन सोडून देण्यास उत्सुक असतो आणि मँगनीज डायऑक्साइड ते स्वीकारण्यास सिद्ध असतो. या दोघांना थेट भेटू दिले तर सारी शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाईल. म्हणून मध्ये नवसागर किंवा जस्ताचा क्लोराइड यांची ओलसर लापशी ठेवलेली असते, जिच्यातून आयन जाऊ शकतात पण इलेक्ट्रॉन जाऊ शकत नाहीत. इलेक्ट्रॉनांना मग एकच मार्ग उरतो, तो बाहेरचा: स्प्रिंगेतून, कळीतून, दिव्याच्या तारेतून, आणि शेवटी कार्बनच्या दांड्यातून परत आत. या लांबच्या वाटेवर ते जे श्रम करतात तोच आपला प्रकाश. प्रत्येक सेलचा दाब दीड व्होल्ट. तो सेलच्या आकारावर अवलंबून नसतो, केवळ आतील द्रव्यांवर अवलंबून असतो. आकार वाढला तर दाब तोच राहून आयुष्य तेवढे वाढते. शुष्क हे विशेषणही सापेक्षच. आतला ओलावा खरोखरच आटला की घट निकामी होतो.

या क्रियेत जस्ताचे भांडे स्वतःच खर्ची पडत असते, हे ध्यानी घेतले म्हणजे घरोघरच्या अनुभवांचा उलगडा होतो. जुना सेल फुगतो, पाझरतो आणि बॅटरीच्या स्प्रिंगा गंजवतो, कारण झिजत गेलेल्या भांड्यास अखेर छिद्रे पडतात आणि आतील क्षार बाहेर येतात. उतरलेले सेल कौलांवर किंवा अंगणात उन्हात ठेवण्याची जी चाल आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत सार्वत्रिक होती, तीही निराधार नव्हती: विश्रांतीत आतील द्रव्यांची वाटणी पुन्हा थोडीशी समान होते, उष्णतेने ती क्रिया त्वरेने घडते, आणि सेल आणखी थोडा वेळ दिवा लावतो. नवी शक्ती त्यात येत नसे. शिल्लक होती तेवढीच हाती लागे. पण ज्यास पुढच्या बाजारापर्यंत दिवस काढावयाचे होते त्यास तेवढ्या शिलकेचेही मोल होते.

या घटातील द्रव्येही आपल्याला परकी नव्हती. नवसागर म्हणजे कल्हईवाल्याच्या पोतडीतले ते पांढरे द्रव्य, ज्याच्या धुराचा वास वाड्याच्या चौकात भरून राही. जस्त या भूमीस जुने. राजस्थानातील झावर येथे मध्ययुगात ते ऊर्ध्वपातनाने काढले जात असे, याचे अवशेष आजही तेथे आहेत. आणि तिसरे द्रव्य, मँगनीज डायऑक्साइड, हे तर महाराष्ट्राच्या पोटातलेच. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग नावाची उघडी खाण आहे. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारा लोहमार्ग याच खनिजाच्या पट्ट्यातून जातो. या पट्ट्यातील बहुतेक मँगनीज पोलादाच्या भट्ट्यांत जाते. परंतु डोंगरी बुजुर्गच्या खनिजात डायऑक्साइडचा अंश असा आहे की शुष्क घटांच्या कारखान्यांस ते विशेष उपयोगी पडते, आणि घटांसाठी लागणारे अधिक शुद्ध विद्युत्-मँगनीज डायऑक्साइड सिद्ध करण्याचा कारखानाही तेथेच उभारण्यात आला. १८९६ साली ब्रिटिश भांडवलाने सुरू झालेला हा खाणव्यवसाय १९६२ साली अंशतः राष्ट्राच्या मालकीचा झाला, आणि त्याचे मुख्य दप्तर आज नागपुरात आहे. घराघरातील बॅटरीत जो काळा मसाला भरलेला असे, त्यात विदर्भाच्या मातीचा वाटा होता, हे आपल्या भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांनी ठळकपणे सांगावयास हवे. सेल फोडून तो मसाला शाळेचा फळा किंवा पाटी काळी करण्यास वापरावा आणि कार्बनच्या दांड्याने भिंतीवर व फरशीवर रेघोट्या ओढाव्यात, हा खेड्यांतील मुलांचा उद्योग पुष्कळांस आठवत असेल. मेलेल्या सेलचाही विनियोग होत असे.

हिंदुस्थानात हे घट प्रथम आयात होऊन आले. १९३४ साली एव्हरेडी कंपनी (इंडिया) या नावाने संस्था नोंदली गेली आणि कलकत्त्यात घटांचे उत्पादन सुरू झाले. पुढे हीच कंपनी युनियन कार्बाइड इंडिया या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईत एस्ट्रेला, अलाहाबादेस जीप, आणि सत्तरीच्या दशकात जपानी सहकार्याने वडोदऱ्याची नोविनो व नेल्लोरची निप्पो, अशी नावे गावोगावच्या किराणा दुकानांतील पत्र्याच्या पाट्यांवर झळकू लागली. या इतिहासातील एक पान मात्र काळजावर दगड ठेवूनच उलटावे लागते. ज्या कंपनीच्या सेलांनी या देशातील लक्षावधी झोपड्यांत उजेड नेला, तिच्याच भोपाळच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री विषारी वायू सुटला आणि हजारो निरपराध माणसे मृत्युमुखी पडली. १९९४ साली कंपनीची मालकी बदलली, नाव बदलले आणि सेलांचा धंदा पुढे चालू राहिला. पण उपयुक्त वस्तू निर्माण करणाऱ्यास निष्काळजीपणाची मुभा मिळत नाही, हा धडा या वस्तूच्या चरित्रापासून कधीही विलग करता येणार नाही.

सेलांच्या विजेने दोन गोष्टी केल्या: तिने पायाखालची वाट दाखवली आणि दूरचा शब्द ऐकवला. पहिलीचे महत्त्व शहरवासीयांस सहसा कळत नाही. कंदील वाऱ्याने विझतो, त्याचा उजेड धरणाऱ्याच्याच डोळ्यांत शिरतो, आणि गंजीजवळ किंवा गोठ्यात तो नेणे धोक्याचे असते. विजेरीचा झोत नेमका हवा तेथे पडतो आणि पावसापाण्यात टिकतो. रात्री बांधावरून चालताना घोणस किंवा फुरसे पावलाआधी दिसावे, आडवाटेने निघालेल्या सुइणीस ओढ्याचे पाणी किती चढले आहे ते कळावे, राखणदारास रानडुकराची चाहूल लागताच पिकावर झोत टाकता यावा, यासाठी दोन सेलांची किंमत मोजणे हा विलास नव्हता. ती जिवाची तजवीज होती.

दुसरी गोष्ट आकाशवाणीची. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. तेव्हाचे नभोवाणी-संच निर्वात नळ्यांचे होते. ज्या गावी वीज नव्हती तेथे ते बॅटऱ्यांवर चालवणे प्राप्त होते, आणि नळ्या तापवण्यास एक व त्यांना उच्च दाब पुरवण्यास दुसरी, सामान्यतः नव्वद व्होल्टची, अशा जड बॅटऱ्यांचा खर्च एकट्या कुटुंबास पेलवणारा नव्हता. अशा काळात, १९५६ साली, युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून एक प्रयोग झाला, ज्याचा निर्देश जगभरच्या जनसंपर्कशास्त्राच्या ग्रंथांतून आजही होतो. तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच जिल्ह्यांतील दीडशे खेड्यांत श्रोतृमंडळे स्थापन करण्यात आली. शेतीविषयक कार्यक्रम मंडळींनी एकत्र बसून ऐकावा, त्यावर चर्चा करावी, निर्णय घ्यावा आणि प्रश्न केंद्राकडे पाठवावेत, अशी त्याची योजना होती. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याचे मूल्यमापन केले, आणि मंडळे असलेल्या गावांत ज्ञानाची वाढ लक्षणीय झाल्याचे आढळून आले. पुढे ही योजना देशभर पसरली. ऐकण्यापाठोपाठ बोलण्याचा आणि विचारण्याचा अधिकार खेड्यास देणारा हा उपक्रम विजेच्या खांबाची वाट पाहत थांबला नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्यानंतर थोड्याच वर्षांत ट्रान्झिस्टर आला. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या या चिमुकल्या उपकरणास तापवावे लागत नव्हते, उच्च दाब लागत नव्हता. बॅटरीत घालावयाचे तेच सेल त्यास पुरत. टपालकचेरीतून परवाना काढावयाचा, सेल भरावयाचे, आणि पिकाच्या राखणीस गेलेल्या माणसाने माचावर बसून बाजारभाव, हवामान, कीर्तन आणि नाट्यगीते ऐकावयाची, हे दृश्य साठीच्या व सत्तरीच्या दशकांत महाराष्ट्रभर दिसू लागले. या दोन शोधांपैकी एकच झाला असता तर हे घडले नसते. सेलावाचून ट्रान्झिस्टर मुका होता आणि ट्रान्झिस्टरवाचून सेल केवळ दिवा लावणारा राहिला असता.

आता किमतीचा हिशेब. मोठ्या आकाराच्या साध्या सेलमधून पाच ते आठ वॅट-तास इतकी ऊर्जा मिळते असे धरले, तर तारेतून येणारे एक युनिट, म्हणजे हजार वॅट-तास, मिळवण्यास सव्वाशे ते दोनशे सेल खर्ची घालावे लागतील. आणि त्यांची किंमत घरगुती वीजदराच्या शंभर पटींहूनही पुष्कळ अधिक भरेल. ज्याच्या घरी खांबावरची वीज नाही त्यास ती शंभर पट दराने घ्यावी लागते, हा असमानतेचा असा एक अध्याय आहे की जो कोणत्याही जमाबंदीत दिसत नाही. पण त्याबरोबर हेही म्हटले पाहिजे की सेल विकत घेणारा माणूस युनिटे विकत घेत नव्हता. तो हव्या त्या क्षणी, हव्या त्या जागी, स्वतःच्या मुठीत असलेला आणि दुसऱ्या कोणाच्याही मर्जीवर अवलंबून नसलेला उजेड विकत घेत होता. त्या उजेडाला बिल नाही, थकबाकी नाही, जोडणी तोडण्याची नोटीस नाही. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे कोयनेच्या भूकंपाने वीजनिर्मिती खंडित झाली तेव्हा मुंबईच्या उद्योगांनाही त्याची झळ पोहोचली. मोठी यंत्रणा ही एका ठिकाणी मोडली तरी सर्वत्र अंधार करते, आणि म्हणूनच आपत्काळासाठी घरात विजेरी, ट्रान्झिस्टर व जादा सेल ठेवा, असे तज्ज्ञ आजही सांगतात.

खांब आले म्हणजे हा प्रश्न मिटेल असे वाटले होते. तो पूर्णपणे मिटला नाही. शेतीपंपांची वीज कित्येक वर्षे पाळीपाळीने, पुष्कळदा मध्यरात्री दिली गेली, आणि मोटर सुरू करण्यास व पाण्याची पाळी सांभाळण्यास शेतकऱ्यास अंधारात विहिरीपर्यंत जाणे भाग पडले. वीज सोडण्याचा हुकूम रात्रीचा, म्हणून तिच्यापर्यंत पोहोचण्यास बॅटरी हवी. थंडीत, सर्पांच्या आणि आता बिबट्याच्याही भयात काढलेल्या या रात्री लक्षात घेता, शेतीस दिवसा वीज मिळावी ही मागणी साधी, न्याय्य आणि दीर्घकाळ प्रलंबित आहे. सौर वाहिन्यांच्या योजनेने तिची पूर्तता गावोगाव व्हावी, हे पाहणे शासनाचे प्रथम कर्तव्य होय.

आज काळ बदलला आहे. अल्कली घटांनी आयुष्य वाढवले, एल.ई.डी. दिव्यांनी खर्च कमी केला, आणि पुन्हा भारित होणाऱ्या लिथियम घटांनी विजेरीच्या बाजारातून जुन्या मोठ्या सेलास बरेच मागे सारले. तरीही भिंतीवरचे घड्याळ, दूरनियंत्रक, मुलांची खेळणी आणि वैद्यकीय उपकरणे यांतून लहान आकाराचे सेल घरोघर वावरत आहेत. आणि त्यांच्याबरोबर एक प्रश्न वावरत आहे, ज्याकडे आपण अक्षम्य दुर्लक्ष केले. संपलेल्या सेलचे काय करावयाचे? पूर्वीच्या सेलांत जस्ताची झीज रोखण्यासाठी पारा मिसळला जाई. तो आता कायद्याने जवळजवळ बंद झाला आहे. परंतु जस्त, मँगनीज आणि क्षार आहेतच, आणि बटनाच्या आकाराचे सेल तर लहान मुलाने गिळल्यास काही तासांत अन्ननलिका जाळतात. तांब्या-पितळेस भंगारवाला भाव देतो, सेलास देत नाही. म्हणून तो कचऱ्यात जातो, उकिरड्यावर जातो, शेतात जातो.

२००१ च्या नियमांनी केवळ शिशाच्या बॅटऱ्यांची दखल घेतली होती. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्यांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी लहान सेलांसह सर्व प्रकारच्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांवर प्रक्रिया करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. कायदा झाला हे उत्तम झाले. पण जोवर तालुक्याच्या बाजारपेठेतील किराणा दुकानात जुना सेल टाकण्याची पेटी नाही आणि ती वेळच्या वेळी रिकामी करण्याची व्यवस्था नाही, तोवर तो कागदावरच राहील. उत्पादकांनी, नगरपालिकांनी आणि ग्रामपंचायतींनी ही पेटी ठेवावी, आणि शाळांनी मुलांस तिचा उपयोग शिकवावा.

वाचकांकडे मागणे थोडे आहे. बराच काळ न वापरावयाच्या उपकरणातून सेल काढून ठेवा. जुना व नवा सेल एकत्र घालू नका, कारण दुर्बल सेल संपल्यावरही सबळ सेल त्यातून प्रवाह ढकलत राहतो आणि दुर्बल सेल फुटून पाझरतो. साधा सेल भारित करण्याचा प्रयत्न करू नका. बटनाचे सेल मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा. आणि संपलेले सेल ओल्या कचऱ्यात न टाकता वेगळे साठवून, जेथे गोळा करण्याची सोय असेल तेथे नेऊन द्या. सोय नसेल तर ती व्हावी म्हणून आपल्या नगरपालिकेस वा ग्रामपंचायतीस लेखी अर्ज करा.